थोरला राजा, धाकटा राजा

कुवेतमधल्या राई भागातल्या आमच्या कारखान्यात हाताने रंगवायचं काम जवळजवळ संपलं होतं. दुकानांच्या पाट्या मशीनमधून छापून निघायच्या, आणि कुडाळच्या बाजारात अर्धं आयुष्य ब्रश चालवलेला मी त्या पाट्या फ्रेमवर ताणून बसवत असे. त्यामुळे एका सकाळी फोरमनने मला बोलावून "सलवाला जा, एका नव्या हॉटेलात भिंतीवर राजा काढायचाय," असं सांगितलं तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली.

"कुठला राजा?"

"जॉर्जियाचा."

मला माहीत असलेला जॉर्जिया अमेरिकेत होता. तिथे राजा कधी होऊन गेला ते काही आठवेना. पण फोरमनला जास्त विचारलं की तो काम दुसऱ्याला देतो, म्हणून मी गुपचूप रंगांची पेटी उचलली आणि गाडीत बसलो.

हॉटेल एका नवरा-बायकोचं होतं. दोघंही पन्नाशीच्या आसपासची. बाई पुढचं सगळं बघायच्या, नवरा आत स्वयंपाकघर सांभाळायचा. बाईंचं इंग्रजी चांगलं होतं. नवऱ्याला त्यांची स्वतःची भाषा, रशियन आणि बाजारापुरती अरबी एवढंच येत होतं. त्यांचा जॉर्जिया म्हणजे काळ्या समुद्राकाठचा डोंगराळ देश, हे बाईंनी कोऱ्या भिंतीवर बोटाने नकाशा काढून मला समजावलं. मग त्या म्हणाल्या, "मोठ्या राजांची चित्रं आमच्या सगळ्याच हॉटेलांत असतात. मला छोटा राजा हवाय. तेराव्या शतकातला. माझ्या गावाकडे, पश्चिमेला त्याची गादी होती."

"दिसायला कसा होता?"

"ते कोणाला माहीत? पण आमच्या जुन्या बखरकारांनी म्हणे लिहून ठेवलंय, की देखणा होता, शेलाट्या बांध्याचा होता, बोलायला गोड होता, शिकारीचा नाद होता. तेवढ्यावर काढा."

मी कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि सांगत राहिल्या. त्या राजाची आई राणी होती, स्वतः राज्य चालवणारी. तिच्या काळात मंगोल चालून आले आणि तिला त्यांच्यापुढे मान तुकवावी लागली. आपल्यामागे गादी मुलालाच मिळावी, असं खुद्द मंगोलांच्या मोठ्या खानाने म्हणायला हवं होतं. म्हणून तिने मुलाला त्या अफाट लांबच्या राजधानीला पाठवलं. तो तिथे अडकला. वर्षांवर वर्षं गेली, त्याची काही खबर येईना, आणि वाट बघता बघता इकडे आई वारली.

संध्याकाळपर्यंत भिंतीवर एक सडपातळ, थोडासा उदास तरुण उभा राहिला. बाईंना आवडला. मी खुशीत राईला परतलो.

कारखान्याच्या दारात माणसं जमली होती. नोटीस बोर्डावर एक यादी लागली होती. ज्यांचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनी या वेळी वाढवून देणार नव्हती त्यांची. सहा नावं होती. चौथं नाव माझं होतं.

आणि ते माझ्या चुलत भावाचंही होतं.

हे नीट सांगायला हवं. आमच्या आजोबांचं नाव आम्हां दोघांनाही ठेवलेलं आहे. माझे वडील आणि काका यांचं त्या काळात बोलणं नव्हतं. काकांना मुलगा झाला, त्यांनी त्याला बापाचं नाव दिलं. तीन वर्षांनी मी झालो, तर माझ्या वडिलांनीही हट्टाने तेच दिलं. पुढे भाऊ-भाऊ बोलायला लागले, पण नावं तशीच राहिली. वाडीत आम्हांला थोरला आणि धाकटा म्हणतात. कागदावर फरक फक्त मधल्या नावाचा, वडिलांच्या. थोरला माझ्याआधी कुवेतला आला, त्यानेच मला या कंपनीत आणलं. तो सुतार, फ्रेमा बनवायचा. मी त्या फ्रेमांवर पाट्या चढवायचो.

यादीत वडिलांचं नाव नव्हतं. नाव आणि आडनाव, बस्स.

थोरला बोर्डासमोरच उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "हय खयचो आसा, तू काय मी?"

कोणी तरी सांगितलं की याद्या मंदूब करतो. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारी कागद ऑफिसांतून फिरवून आणणारा माणूस. तो आपल्या देशाला सुट्टीवर गेला होता, दहा दिवसांनी यायचा होता. फाईल त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात.

तुम्ही म्हणाल, ऑफिसात जाऊन सरळ विचारायचं ना. आम्हीही पहिल्या रात्री तेच म्हणालो. पण मग माझ्या मनात आलं, समजा त्यांनाही नक्की माहीत नसलं, नुसतं 'या नावाचा एक' एवढंच ठरलं असलं, तर विचारायला जो पुढे जाईल तोच डोळ्यांत भरेल. थोरल्याच्याही मनात हेच आलं असावं. कारण दोघंही "उद्या विचारू" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी कोणीच विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सलवाला गेलो तर बाई सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. नवरा स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आला, चित्रापुढे उभा राहिला आणि जोरात मान हलवली.

"ला, ला! मलिक कबीर!"

ला म्हणजे नाही, मलिक म्हणजे राजा आणि कबीर म्हणजे मोठा, एवढी अरबी मला येत होती. मला वाटलं, चित्र लहान झालंय. मी पुसून राजाची उंची हातभर वाढवली. तो पुन्हा "ला" म्हणाला. माझे दोन्ही खांदे धरून त्याने बाहेरच्या बाजूला ओढून दाखवले, स्वतःची छाती फुगवली, मग धनुष्य ओढल्याचा आविर्भाव केला. म्हणजे राजा आडव्या बांध्याचा हवा होता, तिरंदाज हवा होता.

मी खांदे रुंद केले. तो खूश झाला, मला गरम भाकरीसारखा चीज भरलेला पाव आणून दिला आणि फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने राजाची गोष्ट सांगू लागला. राजाचे वडीलही राजे होते, पण लवकर वारले. मग त्याला त्याच्या आत्याने लांब, तुर्कांच्या सुलतानाकडे पाठवलं होतं, कारण तिला तो नको होता. सुलतान आत्याचा जावई. त्याने राजाला कैदेत ठेवलं. एकदा समुद्रात टाकलं, तर तो फळीला धरून तरला. मग सापांच्या खड्ड्यात सोडलं, तर साप म्हणे अंगावरून गेले आणि चावले नाहीत. हे सांगताना त्याने साप हातानेच करून दाखवले. पीठ माझ्या शर्टावर पडलं.

मी विचारात पडलो. काल हा राजा मंगोलांच्या राजधानीत होता. आज तुर्कांच्या तुरुंगात. दोन्ही वेळा म्हणे वर्षानुवर्षं. एवढ्याशा आयुष्यात माणूस किती ठिकाणी अडकणार?

तिसऱ्या दिवशी बाईंनी भिंत बघितली आणि किंचाळल्याच. "माझ्या राजाला जाड कोणी केलं?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. त्या आत गेल्या. आतून त्यांच्या भाषेत बराच वेळ आवाज येत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याचं ऐकू नका. तो तिबिलिसीचा, पूर्वेकडचा. त्याला काही कळत नाही."

मी धीर करून विचारलं, "राजाची आत्या कोण होती?"

"आत्या?" बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ती राणी. माझ्या राजाची आई."

आता मात्र मी चक्रावलो. राजाची आई हीच राजाची आत्या? आमच्याकडे नात्यांची गुंतागुंत काही कमी नसते, पण हे कशातच बसेना. बाईंना पुन्हा विचारायची लाज वाटली. मी खिशातल्या वहीत, जिथे एरवी रंगांची मापं लिहितो तिथे, राजाचं चरित्र लिहून काढलं. वडील: राजा, लवकर वारले. वडील: उल्लेख नाही, राज्य आईचं. आई: राणी. आत्या: तीच. राहिला: मंगोलांकडे. राहिला: तुर्कांकडे. बांधा: सडपातळ. बांधा: पैलवानी. शेवटी मी लिहिलं, 'दोघांपैकी एक खोटं बोलतंय', आणि ते खोडलं, कारण दोघांचेही चेहरे खोटं बोलणाऱ्यांचे नव्हते.

खोलीवरही असंच काहीसं चाललं होतं. फरवानियात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. थोरला आणि मी एवढ्या वर्षांत कधी नाही इतके एकमेकांशी चांगले वागू लागलो होतो. तो माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवायचा, मी तो परत त्याच्या ताटात. मी त्याचे कपडे धुतले. त्याने माझी सकाळची भांडी घासली. आणि हे करताना माझ्या मनात सतत एकच चालू असायचं: त्याचं नाव असू दे. मग लगेच वाटायचं, छे, त्याची मुलगी अजून शिकते आहे. मग वाटायचं, माझंही घर अर्धंच बांधून झालंय. हे असं गोल गोल. चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यात साहित्य न्यायला आलो तेव्हा थोरला ऑफिसच्या बोळातून बाहेर येताना दिसला.

"खंय गेल्लंस?"

"पाणी पिऊक," तो म्हणाला.

पाण्याचा कूलर वर्कशॉपमध्ये होता. बोळात नव्हता. मी रंगाचे डबे उचलून गाडीकडे गेलो. पण त्या रात्री मला खात्रीच वाटली की याने जाऊन विचारलं, आणि बहुधा माझं नाव पुढे करून आला. स्वतःच्या भावाबद्दल असा विचार मी केला, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

शुक्रवारी सुट्टी. थोरला दाढी करत बसला होता. शांतता असह्य झाली म्हणून मी त्याला राजाचं सांगायला लागलो. आई-आत्या, तुर्क, मंगोल, जाड, बारीक, सगळं वही उघडून. त्याने वस्तरा थांबवला.

"परत सांग. आवस तीच आत्या?"

"हां."

"अरे मेल्या, मगे राजे दोन असतले!"

"नाव एकच आसा पण."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. एका गालावर साबण तसाच. "आणि आपण कोण रे दोघे?"

मी मूर्खासारखं वहीकडे बघितलं. माझी आई त्याची काकू लागते. त्याची आई माझी. राणी एकाची आई, एकाची आत्या. ज्याला सापांनी सोडलं तो तिचा भाचा, भावाचा मुलगा. ज्याला मंगोलांकडे पाठवलं तो तिचा स्वतःचा मुलगा. आम्ही दोघंही हसत सुटलो. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

शनिवारी मी सलवाला गेलो आणि दोघांना समोर उभं करून विचारलं, "राजे दोन होते का?"

बाई म्हणाल्या, "अर्थात! दोन. आम्ही सांगितलं नाही का?"

नवऱ्यानेही फोन कानाला लावून भाषांतर ऐकलं आणि डोळे मोठे केले. "कबीर," छाती ठोकून तो म्हणाला. मग बायकोकडे हात करून, "सगीर." मोठा आणि लहान. मंगोलांनीच त्या दोघांना ओळखण्यासाठी अशी नावं पाडली होती. थोरला आणि धाकटा. 'कबीर' म्हणजे 'थोरला' हा अर्थ मला एवढे दिवस सुचला नव्हता. दोघांचे आजोबा एकच, आणि त्याच आजोबांचं नाव दोघांना.

मग बाईंनी उरलेली गोष्ट पहिल्यांदा सरळ सांगितली. राणी वारली. तिच्या मुलाची तर काही बातमीच नव्हती, तेव्हा सरदारांना वाटलं तो मंगोलांकडे मेला. देशाला राजा हवा, म्हणून त्यांनी भाच्याला शोधून कैदेतून सोडवून आणलं आणि गादीवर बसवलं. पण त्यालाही खानाची परवानगी हवीच होती. तोही तेवढाच लांबचा रस्ता कापून त्या राजधानीला गेला, आणि तिथे बघतो तर आतेभाऊ जिवंत.

"मग?" मी विचारलं. माझ्या हातातला कोळसा तसाच राहिला होता.

"मग खान म्हणाला, दोघंही राजे. भाचा थोरला, राणीचा मुलगा धाकटा."

"आणि चाललं?"

"काही वर्षं चाललं. एकत्र राज्य केलं. मग धाकट्याने मंगोलांविरुद्ध बंड केलं आणि तो पश्चिमेला पळाला, आमच्याकडे. थोरला पूर्वेला राहिला. राज्याचे दोन तुकडे झाले."

भिंत मात्र एकच होती, आणि तिच्यावर कोण हे त्या दोघांचं ठरेना. दुपारी नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे बंद झाले. मला भीती वाटली की हे हॉटेल उघडायच्या आधीच बंद पडणार. शेवटी मीच म्हणालो, दोघांनाही काढतो. उंची सारखी, पुढे-मागे कोणी नाही. बाईंनी तोंड वाकडं करून होकार दिला. नवऱ्याने पाव आणून दिला, म्हणजे त्याचाही होकार.

धाकट्या राजासाठी बाईंनी आपल्या भावाचा फोटो दिला, शेलाटा, तीक्ष्ण नाकाचा. थोरल्यासाठी मला रुंद खांद्यांचा माणूस हवा होता. काम संपल्यावर मी आमच्या थोरल्याला बसने सलवाला घेऊन गेलो. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. दोन संध्याकाळी, न हलता. स्वयंपाक्याने त्याच्यासमोर खाणं मांडलं तरी हात लावला नाही. "राजा खाताना दिसूक नको," म्हणाला. सुताराची जाड मनगटं, कपाळावरची जुनी जखमेची खूण, सगळं मी भिंतीवर घेतलं.

हातात काय द्यायचं, हा नवा घोळ झाला. त्यांच्याकडे राजाच्या हातात द्राक्षाच्या दारूने भरलेलं शिंग दाखवतात. कुवेतमध्ये ते कसं दाखवणार? थोरल्या राजाला धनुष्य देऊन सुटलो. धाकट्याला शिकारीचा नाद, म्हणून मी मनगटावर ससाणा बसवला. त्याच दिवशी त्या इमारतीचे मालक, एक म्हातारे कुवेती गृहस्थ, काठी टेकत आत आले. भिंत बघून त्यांनी राजांबद्दल एक शब्द विचारला नाही. सरळ ससाण्यापाशी गेले.

"हा असा बसत नाही," ते म्हणाले. "नखं अशी धरतो का? आणि हातमोजा कुठाय? तुझा राजा अडाणी आहे का?"

मग त्यांनी तासभर बसून मला ससाणा शिकवला. डोळ्यांवरची चामड्याची टोपी कशी, दोरी कुठून जाते, मान किती वळते. आयुष्यभर ससाणे पाळलेला माणूस. शेवटी म्हणाले, "आता जिवंत झाला." ससाण्याबद्दलच म्हणाले, पण बाईंना वाटलं आपल्या राजाबद्दल, आणि त्यांनी आनंदाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हातारे गांगरून गेले.

दहाव्या दिवशी मंदूब आला. मी सकाळीच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. आता घाबरायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. तो मला बघून म्हणाला, "तू काम कर. तुझा भाऊ जाणार आहे."

"यादीत त्याचंच नाव होतं?"

मंदूबने फाईल काढलीही नाही. "यादीत तुमच्या नावाचा एक होता. फक्त एक. मला तिकडे फोन आला होता. ऑफिसातल्या क्लार्कने फोन लावून दिला, तुझा भाऊ बोलला. विचारलं, कोण? मी म्हटलं, मॅनेजरला दोघांपैकी एक कमी करायचाय, कोणीही चालेल, आल्यावर बघू. तर म्हणाला, मला घाला."

पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. ते मी लपवणार नाही. पहिली गोष्ट हीच झाली. दुसरी त्याच्या मागोमाग आली: त्या बोळावरून मी त्याच्यावर संशय घेतला होता.

थोरला वर्कशॉपमध्ये फ्रेमचे कोपरे जुळवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तू कित्याक सांगलंस?"

"काय?"

"मंदूबाक. फोनार."

त्याने गुण्या लाकडावर ठेवला आणि कोन तपासला. "मी फोन केलंय तो खरो. पण तो माका म्हणालो, नाव तुझाच आसा. मगे मी काय सांगतलंय?"

"तो तर म्हणता, कोणीही चालला असता."

"त्याका काय आठावता? रोज शंभर कागद बघता." आणि खिळा ठोकायला लागला.

मी मंदूबकडे परत गेलो. तो चिडला. मी जे सांगितलं तेच झालं, म्हणाला. मी पुन्हा थोरल्याकडे गेलो. तोही चिडला. दोघांपैकी एकाचं खरं होतं, किंवा मंदूब आपलं अंग झाडत होता, किंवा फोनवर दोघांनी एकमेकांचं चुकीचं ऐकलं होतं. मंदूबचं हिंदी तोडकं, थोरल्याची अरबी त्याहून. यादीची फाईल मी मागितली तर तीत आता वडिलांचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. काकांचं. ते आधीपासून होतं की नंतर घातलं, शाई बघून कळत नव्हतं.

थोरला तीन आठवड्यांनी गेला. विमानतळावर त्याने माझी बॅग असल्यासारखी स्वतःची बॅग माझ्या हातात दिली आणि पुन्हा घेतली. आम्ही मिठीबिठी मारत नाही. "चेहऱ्यार वारनिश नीट मार," म्हणाला. भिंतीवरच्या चेहऱ्याबद्दल.

हॉटेल सुरू झालं त्या दिवशी बाईंनी मला जेवायला बोलावलं. टेबलं भरली होती. लोक राजांखाली उभे राहून फोटो काढत होते. मी बाईंना विचारलं, पुढे काय झालं त्या दोघांचं? राज्याचे दोन तुकडे झाल्यावर?

"काही वर्षांनी थोरल्यानेही मंगोलांशी वाकडं घेतलं. हरला. मग पळून कोणाकडे गेला असेल?"

"धाकट्याकडे?"

"धाकट्याकडे. धाकट्याने त्याला ठेवून घेतलं. पण दोघांचं एका ठिकाणी जमेना. शेवटी थोरल्याने मंगोलांशी समेट केला आणि तो आपल्या पूर्वेकडे परत गेला. तोच आधी वारला. धाकटा पुढे बरीच वर्षं राज्य करत राहिला."

"का जमलं नाही?"

बाईंनी नवऱ्याला विचारलं. त्याने ताट पुसता पुसता काहीतरी सांगितलं. बाई हसल्या. "तो म्हणतो, दोन राजांचे दोन स्वयंपाकी असणार. एका घरात दोन स्वयंपाकी टिकत नाहीत."

"आणि थोरला गेल्यावर धाकट्याला वाईट वाटलं का?"

असा प्रश्न त्यांना शाळेतही कोणी विचारला नसावा. "लढाया लिहून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "कोण कुठे गेला ते लिहिलंय. हे मी कुठे वाचलं नाही."

त्या चित्रामुळे मला दोन-तीन कामं मिळाली. जाब्रियातल्या एका दवाखान्याच्या लहान मुलांच्या विभागात मी हत्ती आणि उंट काढले, आणि कंपनीने माझा अकामा वाढवून दिला. थोरल्याने वाडीत दारं-खिडक्यांचं काम सुरू केलंय. बरं चाललंय म्हणतो. काकू एकदा फोनवर म्हणाली की तो स्वतःहून परत आला, त्याला तिकडे कंटाळाच आला होता. म्हणजे हे तिसरंच. मी काकूला काही विचारलं नाही. थोरल्यालाही पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक शुक्रवारी ठरवतो, आज विचारू, आणि आम्ही पाऊस, आंबा, कोणाचं लग्न ठरलं, असलं काहीतरी बोलत राहतो.

गेल्या शुक्रवारी त्याने नवीन फाटक केल्याचं सांगितलं. कोणता रंग देऊ, म्हणून विचारलं. मी म्हटलं, हिरवा दे, तुझ्या माडांना शोभेल. संध्याकाळी फोटो आला. फाटक निळं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'तू सांगितल्याप्रमाणे.'